जखमेचा वास जातो आणि परत येतो: ट्यूब बदलण्याआधी काय काय तपासायचं

मी नागपुरात घरोघर जाऊन ड्रेसिंग करते. सक्करदरा, नंदनवन, मानेवाडा, कधी हिंगणा नाहीतर कामठी. बेडसोअर, पायावरचे वर्षानुवर्षं न भरणारे व्रण, गालाच्या किंवा स्तनाच्या कॅन्सरची उघडी जखम, हे रोजचं काम. फोन बहुतेक एकाच तक्रारीचा असतो: "सिस्टर, वास पुन्हा येऊन राहिला. ट्यूब तर रोज लावून राहिलो आम्ही." मग दुसरी ट्यूब, तिसरी पावडर, त्याहून महाग गोळ्या अशी रांग लागते. बऱ्याच घरांत औषध बदलायची गरजच नसते. एकतर औषध जंतूंपर्यंत पोहोचत नसतं, नाहीतर चुकीच्या जंतूंवर चालवलेलं असतं, आणि कधी कधी तर वास जखमेचा नसतोच.

वास येतो कशाने ते आधी समजून घ्या, कारण पुढचा सगळा क्रम त्यावर आहे. जुन्या जखमेत रक्तपुरवठा कमी पडतो आणि काही मांस मरतं. त्या मेलेल्या मांसात प्राणवायू पोहोचत नाही, आणि प्राणवायूशिवाय जगणारे जंतू तिथे बिऱ्हाड करतात. डॉक्टर त्यांना अ‍ॅनारोब म्हणतात. ते मांस कुजवतात आणि त्यातून उग्र वासाची आम्लं, गंधकाची संयुगं, पुट्रेसिन आणि कॅडाव्हेरिन असे पदार्थ बाहेर पडतात. वासासाठी लावायच्या ट्यूबमध्ये जे असायला हवं ते औषध, मेट्रोनिडाझोल, नेमकं या जंतूंना मारतं. हे औषध मुळात योनिमार्गातल्या ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीसाठी आलं होतं. १९६२ मध्ये ते घेणाऱ्या एका बाईच्या सडलेल्या हिरड्याही बऱ्या झाल्याचं लक्षात आलं आणि अ‍ॅनारोबवरचा त्याचा उपयोग पुढे आला. जखमेवर लावलं की वास ओसरतो तो त्यामुळेच. जखम भरते असं मात्र नाही. मेलेलं मांस तसंच राहिलं तर जंतू परत येतात.

लक्षणं कोणती आणि बोट कुठे दाखवतात

पट्टी बदलल्यावर काही तास बरं वाटतं आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा तोच वास: पट्टी भिजते आहे, किंवा धुणं कमी पडतं आहे.

पट्टी बदलूनही खोलीतला वास जरासुद्धा हलत नाही: वास दुसरीकडून आहे.

ट्यूब सुरू होती तोवर गेला, बंद केल्यावर आठवड्याभरात परत आला: मेलेलं मांस आत आहे.

पहिल्या दिवसापासून काहीच फरक नाही: ट्यूबमध्ये भलतंच औषध आहे, किंवा जंतू वेगळे आहेत.

वासाची जात बदलली, आधी कुजका होता आता गोडसर, आणि पट्टीवर हिरवट डाग: हा मेट्रोनिडाझोलचा रुग्ण नाही.

वास एकाएकी वाढला, सोबत ताप, सूज, जखमेभोवती पसरणारी लाली, नवीन दुखणं, किंवा रुग्ण असंबद्ध बोलायला लागला: पुढचं काही वाचत बसू नका, दवाखान्यात न्या. मधुमेही माणसाच्या पायाला वास सुटला असेल तर बाकी लक्षणांची वाटही पाहू नका. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे.

पहिली तपासणी: वास नेमका कुठून येतो

फुकटची तपासणी, आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी. घरातल्यांचं नाक त्या वासाला सरावलेलं असतं. दिवसभर रुग्णाजवळ असणाऱ्या सुनेला वास येत नाही आणि शेजारीण दारातूनच तोंडाला पदर लावते, हे मी कितीतरी घरांत बघते. म्हणून पट्टी बदलणाऱ्याने आधी दहा-पंधरा मिनिटं बाहेर मोकळ्या हवेत जाऊन यावं, नाहीतर बाहेरून आलेल्या माणसाला विचारावं. मी तीन जागी वास घेते: खोलीच्या दारात, खाटेजवळ हातभर अंतरावर, आणि पट्टी उघडल्यावर. घरच्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयात रोजच्या चौकटीत दा, खा किंवा प लिहायचं. दारातच आला तर दा. औषध लागू पडतं आहे की नाही, हे नंतर आठवून सांगता येत नाही. या तीन अक्षरांवरून कळतं. डॉक्टरकडे जाताना त्या पानाचा फोटो काढून न्या.

आता जखमेवर स्वच्छ पट्टी बांधून झाल्यावर खोलीतलं बाकीचं हुंगा. मानेवाड्याच्या एका घरी आजोबांच्या माकडहाडाच्या बेडसोअरवर चिठ्ठ्यांमागून चिठ्ठ्या झाल्या होत्या. जखम तर लालसर, बऱ्यापैकी साफ. गादी फोमची, वर रेक्झिनचं कव्हर, आणि कव्हरची शिवण नेमकी कमरेखाली उसवलेली. तिथे बोट दाबलं तर पिवळट पाणी वर आलं. लघवी आणि जखमेची लस, म्हणजे तिच्यातून झिरपणारं पाणी, महिनोन्‌महिने फोममध्ये मुरत होती. गादी गेली, वास गेला.

गादीखेरीज बघायच्या जागा: युरिनची पिशवी आणि तिची नळी, डायपर, जुन्या पट्ट्या टाकलेली कचऱ्याची बादली, उशीची खोळ, पायाच्या व्रणात बोटांमधल्या सांदी. आणि आपल्याकडे उन्हाळ्यात कूलर. टाकीतलं पाणी आठ-आठ दिवस तसंच, गवताच्या पॅडवर शेवाळ, आणि त्याचा झोत थेट रुग्णावर. कुबट वास तर येतोच, शिवाय खोलीतली दमट हवा जखमेचा वासही धरून ठेवते. टाकी रिकामी करून घासा, पॅड बदला, समोरची खिडकी उघडी ठेवा. दोन दिवसांत फरक पडला नाही तर पुढे चला.

दुसरी: पट्टी भिजून बाहेर आली आहे का

पट्टीच्या वरच्या थरावर ओला डाग दिसला म्हणजे आतली लस हवेला लागली. तिथून वास सुटणारच, आणि बाहेरचे जंतूही त्याच ओलीतून आत जातात. डाग दिसला की पट्टी बदलायची, घड्याळ बघून नाही. एप्रिल-मे मध्ये पारा पंचेचाळिशीकडे गेला की घामाने चिकटपट्टीची कड उचलली जाते. तेव्हा चारही कडा बोटाने चाचपून बघा.

थर असे ठेवा: जखमेला न चिकटणारी जाळी, वर गॉजचे घडी केलेले थर, त्यावर कापसाचा जाड पॅड, मग बँडेज. काढलेली पट्टी तिथल्या तिथे प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारायची, ती दुसऱ्या पिशवीत, आणि लगेच खोलीबाहेर. कचरागाडीला देताना वेगळी द्या आणि सांगून द्या. बायोमेडिकल कचरा घेणारा दवाखाना जवळ असेल तर उत्तमच.

तिसरी: जखम धुतली जाते की नुसती पुसली जाते

मला विचाराल तर निम्मं काम इथेच होतं. पुष्कळ घरांत गॉजचा तुकडा सलाइनमध्ये बुडवून जखमेवरून दोनदा फिरवतात आणि ट्यूब लावतात. म्हणजे कालचं वाळलेलं जेल, त्याखालची चिकट लस आणि त्यातले जंतू जागेवरच, आणि वर नवीन थर. औषध खाली उतरणार कसं?

धुणं म्हणजे पाणी वाहिलं पाहिजे. सलाइनची ५०० मिलीची बाटली मेडिकलमध्ये मिळते. नाही मिळाली तर अर्धा लिटर पाणी उकळून गार करा आणि त्यात एक सपाट चमचा, साधारण ५ ग्रॅम, मीठ घाला. उरलं तर दुसऱ्या दिवशी फेकायचं. वीस मिलीच्या सिरिंजमध्ये भरून, सुईशिवाय, हलक्या धारेने सगळी जखम आणि तिच्या खाचा धुवा. ज्याला बसवता येतं आणि ज्याची जखम रक्ताळणारी नाही त्याला न्हाणीघरात स्टुलावर बसवून पिण्यायोग्य कोमट पाण्याने मगाने धुतलं तरी चालतं. रुग्णाला त्याने फार बरं वाटतं. महिन्यांनी अंगावरून पाणी वाहिलेलं असतं.

चिकटलेली पट्टी ओढून काढू नका. दहा मिनिटं भिजवा. कॅन्सरच्या जखमेत ओढाओढीने रक्त सुरू होतं आणि मग घर घाबरतं.

हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं म्हणून लोकांना ते साफ करतं असं वाटतं. रोज वापरलं तर ते नवीन उगवणाऱ्या मांसालाही भाजतं, आणि खोल पोकळीत भरलं तर वायू रक्तात शिरायचा धोका असतो. डेटॉल-सॅव्हलॉन सरळ जखमेत ओतणंही नको. हळद, तंबाखूची राख, रॉकेल यांबद्दल एकच वाक्य: नको.

गालाला आरपार भोक पडलं असेल, आणि खर्‍याच्या (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाच्या) आपल्या विदर्भात असे रुग्ण भरपूर, तर बाहेरून धुवून भागत नाही. प्रत्येक जेवणानंतर तोंडातून चूळ भरून, किंवा भरवत असाल तर सिरिंजने, अन्नाचे कण काढावे लागतात. भोकात अडकलेला भाताचा कण सहा तासांत कसा वास मारतो ते सांगायला नको. आणि खर्रा अजून सुरू असेल तर तो आधी सोडा. सुपारी-तंबाखूचा चोथा त्याच भोकात बसतो. हे मी घरच्यांसमोर नाही, रुग्णाशी एकट्याशी बोलते. त्याने उपयोग होतो.

चौथी: ट्यूबवर काय लिहिलं आहे ते वाचा

ट्यूबचं रंगीत नाव नको, खालची बारीक अक्षरं वाचा. चष्मा लावा, मोबाइलने फोटो काढून मोठा करा. तिथे 'मेट्रोनिडाझोल' आणि टक्केवारी दिसली पाहिजे; त्वचेवर लावायचं जेल साधारण पाऊण ते एक टक्का असतं.

घरात नेहमी सापडणाऱ्या ट्यूबा या:

फ्रामायसेटिन किंवा निओमायसिनचं मलम, निओमायसिनची पावडर. पिढ्यान्‌पिढ्या घरात असतं, खरचटलं की लावायचं. पण ही औषधं जंतूच्या आत शिरायला प्राणवायू लागतो. जे जंतू प्राणवायूशिवाय जगतात त्यांच्यावर ती चालतच नाहीत. म्हणजे वास आणणाऱ्या जंतूंना सोडून बाकीच्यांना मारायचं. त्यातून निओमायसिनने अनेकांना जखमेभोवती खाजरी, लाल, ओलसर पुरळ उठते, आणि मग तीच 'इन्फेक्शन वाढलं' म्हणून आणखी जोरात लावली जाते.

मुपिरोसिन. चांगलं औषध, पण त्वचेवरच्या स्टॅफ आणि स्ट्रेप जंतूंसाठी. वासासाठी नाही.

हिरड्यांचं जेल. नावात मेट्रो असतं म्हणून दुकानातला पोरगा देऊन टाकतो. त्यात मेट्रोनिडाझोलसोबत क्लोरहेक्झिडिन असतं आणि चवीचे पदार्थ. ते तोंडासाठी आहे, उघड्या जखमेसाठी नाही.

खाज-गजकर्णाची मिश्र ट्यूब, ज्यात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन असतं. ही तर आजच बाजूला ठेवा. ते स्टेरॉइड आहे. लाली कमी दिसते, जखम भरायची थांबते, आणि इन्फेक्शन झाकलं जातं.

आणि हे सगळं डॉक्टरच्या चिठ्ठीनेच. अँटिबायोटिक दुकानदाराच्या सांगण्यावरून जखमेवर लावत राहिलं की जंतू निगरगट्ट होतात आणि पुढे खरोखर गरज पडते तेव्हा ते औषध चालत नाही.

पाचवी: औषध बरोबर आहे, लावणं बरोबर आहे का

मटाराएवढं जेल मधोमध लावून बोटाने पसरवतात. तळहाताएवढ्या जखमेला ते कुठे पुरणार? वास येणारा सगळा पृष्ठभाग झाकला गेला पाहिजे. खाचेत किंवा पोकळीत जेल लावलेला गॉज हलकेच ठेवायचा, ठासून भरायचा नाही. ठासला तर आत दाब पडून आणखी मांस मरतं, आणि एखादा तुकडा आतच विसरला जातो. किती गॉज आत ठेवले ते पट्टीवर पेनने लिहा. विसरलेला गॉज हे न सुटणाऱ्या वासाचं जुनं कारण आहे.

मोठ्या जखमेला ३० ग्रॅमची ट्यूब दोन-तीन दिवसांत संपते. घरचे मग काटकसर करतात, आणि त्यात काही चूक नाही, पैसे लागतात. पण काटकसरीने लावलेलं जेल म्हणजे न लावलेलं जेल. परवडत नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. शिरेतून द्यायच्या मेट्रोनिडाझोलची १०० मिलीची बाटली येते, त्यात ५०० मिलिग्रॅम औषध असतं. त्यात गॉज भिजवून ठेवायला किंवा त्याने जखम धुवायला काही डॉक्टर सांगतात. काही जण गोळीची पूड करून भुरभुरवायला सांगतात. दोन्ही जुन्या, स्वस्त पद्धती आहेत, फक्त स्वतःच्या मनाने सुरू करायच्या नाहीत.

जेल की पूड, याला साधा नियम आहे. कोरड्या जखमेला जेल बरं, ओलावा देतं. पाणी गळणाऱ्या जखमेत जेल तासाभरात वाहून पट्टीत जातं; तिथे पूड टिकते. तुमच्या पट्टीच्या आतल्या बाजूला जेलचा गोळा चिकटून निघत असेल तर ते जखमेवर राहिलेलंच नाही.

दिवसातून एकदा, वास जास्त असेल तर दोनदा, प्रत्येक वेळी धुवून मगच. फरक साधारण दोन-तीन दिवसांत कळू लागतो. कालनिर्णयात 'दा'च्या जागी 'खा' दिसायला लागला पाहिजे. आठवडाभरात अक्षर हललंच नाही तर नुसतं लावत राहू नका. हललं तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करा, बहुधा एक ते दोन आठवडे, आणि मग थांबून बघा. महिनोन्‌महिने सवयीने लावत राहायचं हे औषध नव्हे. कॅन्सरची भरणारच नाही अशी जखम हा अपवाद. तिथे डॉक्टर लांब काळ किंवा मधूनमधून चालू ठेवतात, कारण तिथे उद्देशच वेगळा आहे. माणसाला चार लोकांत बसता यावं, नातवाने जवळ यावं, हा.

गोळ्या का नाहीत, असं विचारतात. कधी कधी देतात. पण मेलेल्या मांसात रक्त जात नाही, मग रक्तातून येणारं औषध तिथे पोहोचणार कसं? वरून लावलेलं निदान पृष्ठभागाला तरी लागतं. शिवाय आधीच जेवण न जाणाऱ्या माणसाला गोळ्यांनी मळमळ आणि तोंडात धातूची चव येते. गोळ्या सुरू असतील तर त्या काळात आणि संपल्यावर तीन दिवस दारू नको. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन चालू असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, मेट्रोनिडाझोलने तिचा परिणाम वाढतो. मोठ्या जखमेवर लावलेलं औषधही थोडं अंगात भिनतं, म्हणून जेलच्या वेळीही हे सांगितलेलं बरं.

औषध ठेवता कुठे हेही एकदा बघा. टिनाच्या छताखाली, खिडकीच्या फळीवर, मे महिन्यात, म्हणजे ट्यूब दुपारभर शिजते. या औषधाला प्रकाशही मानवत नाही. खोक्यात, माठाजवळच्या गारव्याच्या फडताळात ठेवा. जेल पाण्यासारखं पातळ निघालं किंवा रंग बदलला तर टाकून द्या.

सहावी: खोलीतला वास तोवर कसा दाबायचा

थोडक्यात. कोळशाचा थर असलेल्या तयार पट्ट्या मिळतात. महाग आहेत, पण पाहुणे येणार असतील, लग्नाला जायचं असेल तर कामाच्या. त्या जखमेच्या वर, कोरड्या ठेवायच्या; भिजल्या की कोळसा काही शोषत नाही. खाटेखाली परातीत कोळशाचे तुकडे ठेवले तरी थोडा फरक पडतो. उदबत्ती, धूप, रूम फ्रेशनर यांनी वासावर वास चढतो, आणि पुढे त्या माणसाला मोगऱ्याच्या वासानेही मळमळतं. शिवाय दम्याचा रुग्ण असेल तर धूर नकोच.

इथवर घरच्यांनी करायचं. यापुढच्या गोष्टींत तुम्ही फक्त ओळखायचं, हात घालायचा नाही.

सातवी: पट्टीवर हिरवा रंग

हिरवट-निळसर डाग आणि गोडसर, जरा आंबलेल्या द्राक्षासारखा वास म्हणजे बहुधा स्यूडोमोनास. हा जंतू प्राणवायूवर जगतो, त्याला मेट्रोनिडाझोल काही करत नाही. कितीही ट्यूबा रिकाम्या करा. त्यासाठी पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या पट्ट्या, चांदीच्या पट्ट्या असे वेगळे उपाय आहेत. किती पातळ, किती वेळ हे जखम बघून डॉक्टर ठरवतात. घरातलं व्हिनेगर ओतू नका. पट्टीचा उजेडात फोटो काढून पाठवा.

इथे बरेच जण लॅबमध्ये स्वॅब देऊन येतात. न धुतलेल्या जखमेवरून घेतलेल्या स्वॅबमध्ये सतरा जंतू निघतात, कारण जुन्या जखमेवर ते असतातच. रिपोर्ट बघून भारी इंजेक्शनं सुरू करण्याआधी, जखमेला खरंच इन्फेक्शन आहे का, हे डॉक्टरांनी जखम बघून ठरवायला हवं. इन्फेक्शन असेल तर जखम साफ करून आतल्या मांसाचा तुकडा तपासणं जास्त भरवशाचं.

आठवी: मेलेलं मांस

ट्यूब बंद केली की वास परत, परत सुरू केली की गेला, पुन्हा बंद की परत. हे चक्र चालू असेल तर जखमेत बघा: पिवळट-राखाडी, चिकट साल, दोरे लोंबल्यासारखे, किंवा काळी कडक खपली. नारळाच्या आतली मलई जशी करवंटीला धरून असते तशी ही साल जखमेला धरून असते. ती तिथे आहे तोवर जंतूंचं अन्न तिथे आहे. औषध वरच्या जंतूंना मारतं, खालचे शाबूत.

ते काढण्याला डॉक्टर डिब्राइडमेंट म्हणतात. हे सर्जनचं काम. घरची कात्री, ब्लेड, चिमटा नको. कम्पाउंडरला बोलावून 'थोडं साफ करून घेतलं' हे तर अजिबात नको. कॅन्सरच्या जखमेत त्या सालीखाली रक्तवाहिनी असते. पायात रक्तपुरवठा कमी असेल तर टाचेवरची कोरडी, घट्ट बसलेली काळी खपली डॉक्टरही रक्तप्रवाह तपासल्याशिवाय काढत नाहीत.

आणि मांस पुन्हा मरतं आहे का, हे बघायला हवं. बेडसोअरमध्ये कूस बदलली जात नसेल तर साफ केलेली जखम पंधरवड्यात पुन्हा काळी पडते. दर दोन तासांनी कूस, रात्रीसुद्धा. एअर मॅट्रेस असली तरी. पायाच्या शिरांमध्ये रक्त साचून होणाऱ्या व्रणात पायाला दाबाची पट्टी लागते, पण आधी पायाच्या धमन्या तपासून. साखर २५०-३०० वर असेल तर कुठलीही ट्यूब हतबल. कॅन्सरच्या जखमेत ट्यूमरच वाढत असतो. तिथे थोडं रेडिएशन दिलं तर रक्त आणि वास दोन्ही उतरू शकतात, हे विचारून बघा. जिथे उपचार झाले तिथल्या पॅलिएटिव्ह, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या, विभागात न्या, 'आता काही करण्यासारखं नाही' असं कुणी म्हटलेलं असलं तरी. वासावर करण्यासारखं पुष्कळ असतं.

मधुमेही पायाचं वेगळं

पायाला साखरेमुळे संवेदना नसते, म्हणून दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून घरचे निवांत. पण अशा पायाला सुटलेला कुजका वास म्हणजे आत, बोटांच्या मध्ये किंवा तळव्याच्या पोकळीत, मांस सडतं आहे असं समजायचं. तिथे मेट्रोनिडाझोलची ट्यूब लावून वास घालवणं म्हणजे इशारा बंद करणं. आतलं इन्फेक्शन वरून लावलेल्या अँटिबायोटिकने बरं होत नाही. त्याच दिवशी सर्जनला दाखवा. मी अशा पायाला धुवून कोरडी पट्टी बांधते आणि ऑटो बोलावायला सांगते. उद्या बघू, असं नाही. मेडिकल कॉलेजचा दवाखाना, मेयो हॉस्पिटल, मिहानमधलं एम्स, जे जवळ आणि परवडेल ते.

लगेच दवाखाना कधी

जखमेभोवतीची लाली तासागणिक पसरते, कातडी काळी-जांभळी पडते, किंवा दाबल्यावर कातडीखाली चरचर लागते: रात्रीचे दोन वाजले असले तरी १०८ ला फोन. कातडीखाली वायू झाल्याची ती खूण आहे आणि तिथे तास मोजावे लागतात.

ताप, थंडी वाजणं, धाप, गुंगी: तेच.

जखमेतून भळाभळा रक्त: स्वच्छ जाड कापडाने दहा मिनिटं न उचलता घट्ट दाबून धरा, आणि दाबलेल्या हातानेच दवाखान्यात. कॅन्सरच्या जखमेच्या घरी मी गडद रंगाचे दोन टॉवेल हाताशी ठेवायला सांगते. लाल डाग पसरताना दिसला की रुग्ण आणि घर दोघंही जास्त घाबरतात.

अळ्या: पावसाळ्यात माशा बसून होतात, लाज वाटून घेऊ नका. टर्पेंटाइन घरी ओतू नका, डॉक्टर किंवा नर्सकडून काढून घ्या, आणि नंतर जखम झाकलेली व खाटेवर मच्छरदाणी.

तळाशी हाड दिसतं किंवा सिरिंजची धार हाडावर आपटल्यासारखी लागते: घाई नाही, पण याच आठवड्यात सर्जन.

फोन करण्याआधी एवढं तयार ठेवा: धुतल्यानंतरचा, उजेडातला जखमेचा फोटो, बाजूला मोजपट्टी किंवा दहा रुपयांचं नाणं ठेवून, काढलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूचा फोटो, लावलेल्या सगळ्या ट्यूबांच्या बारीक अक्षरांचे फोटो, कालनिर्णयाचं पान, शेवटची साखर आणि ताप. फोनवर 'वास येऊन राहिला' एवढंच सांगितलं तर समोरचा डॉक्टर न बघता नवीन अँटिबायोटिक लिहून देतो, आणि तुम्ही पुन्हा चौथ्या तपासणीवर येता.